हृदय-मूत्रपिंड-चयापचय संलक्षण

हृदयविकार, मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार, टाइप-२ मधुमेह आणि स्थूलता एकमेकांना जन्म आणि बळ देतात, हे गृहीत धरून केलेली वैद्यकीय मांडणी. अमेरिकन हार्ट असोसिएशनने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती या नावाने पुढे आणली. डॉक्टरमंडळी तिला ‘सीकेएम’ (कार्डिओव्हॅस्क्युलर-किडनी-मेटाबॉलिक सिंड्रोम) म्हणतात.

नाव नवे असले तरी निरीक्षण जुने आहे. मूत्रपिंडविकाराने दगावलेल्या रुग्णांचे हृदय वाढलेले असते, अशी नोंद लंडनचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच केली होती. मूत्रपिंडातील रेनिन हे रक्तदाब वाढवणारे द्रव्य १८९८ मध्ये सापडले. अमेरिकन डॉक्टर जेरल्ड रेव्हन यांनी १९८८ मध्ये इन्शुलिनरोध (शरीराने इन्शुलिनला नीट दाद न देणे), रक्तदाब आणि रक्तातील मेद यांची सांगड घातली. तरीही हृदय, किडनी आणि साखर यांचे डॉक्टर वेगळे आणि फायलीही वेगळ्या, हीच रीत राहिली.

हृदयाने फेकलेल्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो आणि तिथे रोज साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो. मधुमेहात गाळलेल्या द्रवात साखर जास्त असते. मूत्रपिंडातील नलिका ती परत शोषताना सोबत सोडियमही ओढून घेतात. पुढच्या भागात सोडियम कमी पोचल्यामुळे गाळणीकडे रक्त कमी येत असल्याचा चुकीचा संदेश जातो, आत येणारी धमनी सैलावते आणि गाळणीतला दाब वाढतो. या दाबाने काही वर्षांत गाळणी झिरपू लागते व लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाते. पोटातली चरबी दाहकारक द्रव्ये सोडून इन्शुलिनरोध आणि रक्तदाब वाढवते. दुबळे मूत्रपिंड मीठ-पाणी अडवून धरते, त्यामुळे हृदयाची भिंत जाड होते. फॉस्फरस साठून धमन्यांत कॅल्शियम बसते. उलट हृदय थकले की शिरांमध्ये रक्त तुंबते आणि त्या दाबाने गाळण्याचे काम मंदावते. मूत्रपिंडाचे कित्येक रुग्ण डायलिसिसची वेळ येण्यापूर्वीच हृदयविकाराने जातात, ते यामुळेच.

या मांडणीत ० ते ४ असे टप्पे आहेत. शून्यात धोक्याचा कोणताही घटक नाही, पहिल्यात जादा चरबी किंवा मधुमेहपूर्व स्थिती, दुसऱ्यात मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडविकार, तिसऱ्यात लक्षणांविना हृदयविकार, चौथ्यात उघड हृदयविकार. आशियाई लोकांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सें.मी. अशी कमी ठेवली आहे. त्यामागचे कारण समजायला पुण्यातले काम उपयोगी पडते. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले, की इथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी असली तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून असते. त्यांनी व ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. तेव्हा ‘मी तर बारीक आहे’ हा आपल्याकडचा दिलासा फारसा भरवशाचा नाही.

निदानात सर्वांत दुर्लक्षित चाचणी लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ) यांच्या गुणोत्तराची. ते ३० मि.ग्रॅ. प्रति ग्रॅम किंवा त्याहून जास्त राहिले तर गाळणी बिघडली आहे असे समजतात. रक्तातले क्रिएटिनिन बराच काळ नॉर्मल दिसू शकते, त्यात स्नायू कमी असलेल्या माणसाचे तर फसवेच. मोठमोठ्या तपासणी-पॅकेजांत डझनभर आकडे मिळतात, पण ही साधी चाचणी त्यांत अनेकदा नसते.

सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळ्या केलेल्या फ्लोरिझिन या द्रव्यापासून प्रेरणा घेऊन एसजीएलटी-२ रोधक, म्हणजे मूत्रपिंडातील नलिकांना साखर परत शोषू न देणाऱ्या, गोळ्या तयार झाल्या. साखर कमी करण्यासाठी आलेल्या या औषधांनी हृदयाला (२०१५) आणि नंतर मधुमेह नसलेल्यांच्याही मूत्रपिंडांना (२०२०) लाभ होतो असे चाचण्यांत दिसले. सुरुवातीला क्रिएटिनिन थोडे वाढते आणि रुग्ण घाबरून गोळी सोडतो. बहुधा ती वाढ गाळणीतला जादा दाब उतरल्याची असते, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे.