गणितातली पीएचडी आणि फेलोशिपचा पैसा : विदर्भाच्या गावाखेड्यांतली पार्श्वभूमी

मेहकर, पुसद, दर्यापूर किंवा अहेरीकडच्या कॉलेजात गणिताच्या एखाद्या जुन्या सरांच्या नावामागे ‘डॉ.’ असेल, तर ती पदवी बहुधा नोकरी लागल्यावर मिळालेली असते. आधी एमएस्सी, मग कायम जागा, मग सुट्ट्यांमध्ये गाईडकडे नागपूर-अमरावतीच्या फेऱ्या. पीएचडीचा खर्च पगारातून निघायचा. ज्याला पगारच नाही अशा कास्तकाराच्या पोराला संशोधनासाठी दरमहा पैसे, म्हणजे फेलोशिप, मिळू शकते, ही गोष्ट इकडे बरीच उशिरा पोचली.

नागपूर विद्यापीठ १९२३ चं. पंजाबराव देशमुखांच्या शिवाजी शिक्षण संस्थेने वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी कॉलेजं उघडली, तरी पुढची कित्येक वर्षं संशोधनाचं दार नागपुरातच होतं. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये झालं आणि चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ यायला २०११ उजाडलं. सिरोंचाच्या मुलाला नुसत्या नोंदणीच्या कागदांसाठी नागपूर गाठावं लागे, तेव्हा फेलोशिपची चौकशी तो कुठे करणार होता?

दिल्ली-मुंबईकडे मात्र पैशाची सोय होत होती. अणुऊर्जा विभागाने राष्ट्रीय उच्च गणित मंडळ १९८३ मध्येच स्थापलं आणि पीएचडीसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आणि यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) यांच्या जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपची, वाट नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जाते. २०२३ पासून जेआरएफ पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे, वर घरभाडं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला ही रक्कम स्वप्नवतच वाटते.

अडचण परीक्षेत आहे. गणिताचा पेपर २०० गुणांचा. त्यातल्या तिसऱ्या भागातले प्रश्न पावणेपाच गुणांचे. एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे ओळखल्याशिवाय एकही गुण मिळत नाही. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नाही. भर वास्तव विश्लेषण, रेषीय बीजगणित आणि टोपॉलॉजीवर. नागपूर-अमरावतीकडचे पुष्कळ प्रबंध मात्र सापेक्षतावाद, विश्वरचनाशास्त्र किंवा उष्णतेमुळे पदार्थात निर्माण होणाऱ्या ताणांवर झाले. ही परंपरा कमी दर्जाची आहे असं मी म्हणणार नाही. पण गाईड ज्यात मुरलेला आहे ते एकीकडे आणि परीक्षा विचारते ते दुसरीकडे, अशी फारकत पडली. १९९३ पासून चालणारा एमटीटीएस हा गणिताचा उन्हाळी वर्ग ही दरी बुजवायला चांगला आहे. पण तो असतो हे तालुक्याच्या कॉलेजात कुणीतरी सांगायला हवं ना!

शिवाय रसायन-भौतिकशास्त्राच्या मुलाला एखाद्या सरांच्या प्रकल्पावर फेलो म्हणून जागा मिळून जाते. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून प्रकल्पही थोडे आणि त्यांतल्या जागाही थोड्या. स्वस्त विषय असण्याचा हा तोटा.

परीक्षेबाहेरच्या वाटा उघडल्या त्या गेल्या वीसेक वर्षांत. २००५-०६ पासून अनुसूचित जाती-जमातींसाठी राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप आली. २००८ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या इन्स्पायर योजनेत एमएस्सीला विद्यापीठात पहिल्या आलेल्यालाही संधी मिळाली. गावातून आलेल्या हुशार मुलीसाठी ही वाट मला सगळ्यांत सरळ वाटते, कारण नेटची तयारी करून घेणारे क्लास शहरातच असतात. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २००९ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये केंद्राने बंद केली. राज्याच्या बाजूने अनुसूचित जातींसाठीची बार्टी ही संस्था होतीच. २०१८ मध्ये मराठा-कुणबी समाजासाठीची सारथी आणि २०१९ मध्ये नागपुरात मुख्यालय असलेली महाज्योती तिच्या जोडीला आल्या. इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांना महाज्योतीमुळे पीएचडीसाठी दरमहा पैसे मिळण्याची सोय झाली. हे पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं धरून मात्र कुणी खोली भाड्याने घेऊ नये.

२०२४ मध्ये यूजीसीने नेटचा निकाल तीन गटांत लावायला सुरुवात केली. पहिल्या गटाला जेआरएफ आणि सहायक प्राध्यापकपदाची पात्रता, दुसऱ्याला फेलोशिपविना तीच पात्रता आणि पीएचडी प्रवेश, तिसऱ्याला फक्त प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटात पीएचडी प्रवेशासाठी ७० टक्के भार नेटच्या गुणांना, ३० टक्के मुलाखतीला, आणि हे गुण वर्षभरच चालतात. तेवढ्या काळात गाईड शोधायचा असतो. पैसा यापैकी पहिल्याच गटाच्या वाट्याला येतो. बाकीच्यांना इन्स्पायर, बार्टी, महाज्योती अशा दारांवर वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्या प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं असतं.