ग्राहक-विकास पद्धती

स्टार्टअप उभारताना माल आधी तयार करून मग गिऱ्हाईक शोधण्याऐवजी, गिऱ्हाइकाची अडचण आणि ती सुटण्यासाठी पैसे मोजण्याची त्याची तयारी आधी पडताळणारी कार्यपद्धती. उत्पादनाची बांधणी व विपणन तीत बरोबरीने चालतात.

उगमाविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते तिचे बीज ग्राहकनिर्मिती हेच व्यवसायाचे प्रयोजन होय, या व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांच्या १९५४ मधील प्रतिपादनात आहे. दुसरे मत टोयोटाच्या उत्पादनपद्धतीकडे, विशेषतः प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहण्याच्या तिच्या आग्रहाकडे बोट दाखवते. एरिक फॉन हिपेल यांनी १९८६ मध्ये मांडलेली अग्रणी वापरकर्त्यांची, म्हणजे इतरांच्या आधीच गरज जाणवणाऱ्या गिऱ्हाइकांची, कल्पनाही या संदर्भात सांगितली जाते. तथापि या मांडण्या मुख्यत्वे चालत्या उद्योगांना समोर ठेवून झाल्या. आपला ग्राहक कोण हेच ज्याला ठाऊक नाही अशा उद्योगासाठी टप्पेवार पद्धत अमेरिकी उद्योजक व अध्यापक स्टीव्ह ब्लँक यांनी दिली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठातील अध्यापनातून आकारलेली त्यांची मांडणी २००५ च्या सुमारास ग्रंथरूपाने प्रसृत झाली. ग्राहकशोध, ग्राहकपडताळणी, ग्राहकनिर्मिती व कंपनीची उभारणी हे तिचे चार टप्पे. पडताळणी फसली की पुन्हा शोधाकडे वळायचे, हे तीत गृहीतच आहे. ब्लँक यांचे विद्यार्थी एरिक रीस यांनी २००८ पासून तिला लीन विचाराची, म्हणजे वाया जाणारे श्रम व खर्च टाळण्याच्या दृष्टीची, व झटपट सॉफ्टवेअर बांधणीची जोड दिली. किमान व्यवहार्य उत्पादन, म्हणजे गिऱ्हाइकाचा प्रतिसाद अजमावण्यापुरते जुजबी उत्पादन, ही संज्ञा अनेकदा रीस यांच्या नावावर सांगितली जाते. तिचे श्रेय २००१ च्या सुमारास ती वापरणाऱ्या फ्रँक रॉबिन्सन यांना देणे योग्य.

पद्धतीतील सर्वांत अवघड भाग मुलाखतीचा. मुंबईच्या ससून डॉकवर मासळीवाल्या बाईंना ‘मावशी, बर्फ जागेवर पोचवणारं ॲप काढलं तर घ्याल का?’ असे विचारले, की ‘घेईन की!’ हे उत्तर ठरलेले. शिकल्यासवरल्या पोराचा हिरमोड करणे जिवावर येते. ‘मागच्या वेळी बर्फ कमी पडला तेव्हा काय केलंत? किती मोजलेत?’ असे विचारल्यावर भाव, उधारी, बर्फवाल्याशी असलेले जुने संबंध सगळे बाहेर येते. म्हणून प्रश्न घडून गेलेल्या प्रसंगाविषयीच विचारावा. मुंबईत तो समोरच्याच्या बोलीत विचारणे अत्यावश्यक. इंग्रजी प्रश्नावलीपुढे माणूस मोकळा होत नाही. अडचण सांगताना त्याने वापरलेले शब्दच पुढे जाहिरातीला उपयोगी पडतात. तोंडी होकारापेक्षा हातात पडलेली आगाऊ रक्कम हा भक्कम पुरावा, आणि सुरुवातीची विक्री संस्थापकाने स्वतः करावी, असा संकेत आहे.

उद्योजकतेच्या शिक्षणाची मुंबईतील सोय मुख्यतः पवईच्या आयआयटीभोवती वाढली. तेथील विद्यार्थ्यांचा ई-सेल हा उद्योजकता गट १९९८ चा, साइन हे इन्क्युबेटर (नवोद्योगांना जागा व मार्गदर्शन देणारे केंद्र) २००४ चे आणि देसाई सेठी उद्योजकता केंद्र २०१४ चे. राज्याचे स्टार्टअप धोरण २०१८ मध्ये आले.

लिज्जत पापडला या पद्धतीचे स्थानिक पूर्वरूप म्हणण्याचा मोह होतो. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन थोडे पापड लाटले, भुलेश्वरच्या व्यापाऱ्याला विकले आणि खप पाहून काम वाढवले. लहान प्रमाणावर सुरुवात करण्याची सावधगिरी दोहोंत समान आहे. मात्र पापड आणि त्याचे गिऱ्हाईक दोन्ही आधीपासून ओळखीचे असल्याने ग्राहकशोधाचा पहिला टप्पा तेथे लागू पडत नाही.