फोटो सेव्ह करताना नेमकं काय टाकून दिलं जातं

रावेर-यावलकडे केळीच्या पानावर पिवळट रेघा दिसल्या की शेतकरी आधी मोबाइल काढतो, फोटो घेतो आणि व्हॉट्सअॅपवर ओळखीच्या कृषी केंद्रवाल्याला टाकतो. तिकडून उत्तर येतं, "भाऊ, काही दिसत नाही, परत पाठवा." कॅमेरा चांगला असतो, फोटोही चांगला आलेला असतो, गडबड होते ती फाइलमध्ये.

१२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० पिक्सेल, प्रत्येकाला लाल-हिरवा-निळा मिळून ३ बाइट, म्हणजे सरळ हिशोबानं ३६ एमबी. गॅलरीत मात्र तोच फोटो ३-४ एमबीचा दिसतो, कारण जेपेगनं, म्हणजे फोटो सेव्ह करायच्या नेहमीच्या फाइल-प्रकारानं (.jpg), बरंचसं टाकून दिलेलं असतं, आणि ते फार हुशारीनं टाकलेलं असतं. आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तेवढा नाही, म्हणून जेपेग उजेडाची माहिती वेगळी काढतं आणि रंगाची बहुतेक वेळा ४ पिक्सेलमागे एकदाच ठेवतं. मग चित्राचे ८ बाय ८ चे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकातले ६४ आकडे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म नावाच्या गणितातून काढायचे. हे गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांना १९७२ मध्ये सुचलं, पेपर १९७४ ला आला, जेपेगचं स्टँडर्ड १९९२ चं, आणि आजही जगभरातले बहुतेक फोटो त्यावरच चाललेत, मला तर याचं फार कौतुक वाटतं. या गणितातून कळतं की चौकोनात सपाट भाग किती आणि बारीक नक्षी किती. नक्षीचे आकडे मग मोठ्या आकड्यानं भागून राउंड करतात, हिशोबात चिल्लर सोडून देतात तसं, त्यातले कितीतरी शून्य होतात आणि शून्यांना जागा जवळपास लागतच नाही.

जेपेग सेव्ह करताना सॉफ्टवेअर क्वालिटीचा आकडा विचारतं, तो स्लायडर म्हणजे हे राउंड करणं किती जोरात करायचं ते. ९० म्हणजे ९० टक्के फोटो शिल्लक, असं नाही, शिवाय प्रत्येक सॉफ्टवेअरचं ९० वेगळं. ८५-९० च्या वर गेलात तर डोळ्याला फरक दिसत नाही, फाइल मात्र फुगत जाते.

आता परत केळीचं पान बघा. करपा रोग नुकताच लागलेला असताना हिरव्यावर बारीक पिवळट ठिपके नि रेघा असतात, उजेडात फरक थोडा, सगळा फरक रंगाचा आणि तोही बारीक, म्हणजे जेपेग जे आधी सोडतं नेमकं तेच. त्यात व्हॉट्सअॅप फोटोचे पिक्सेल कमी करून पुन्हा एकदा जेपेग करतं, मग रेघा राहणार कुठून? असा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. आणि पानाच्या जवळ जाऊन काढा.

सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट किंवा लग्नपत्रिकेचं डिझाइन असेल तर गोष्ट उलटी. पांढऱ्यावर काळी अक्षरं, कडा एकदम धारदार, तिथं राउंड केलं की अक्षरांभोवती मळकट ठिपके उठतात, झूम करून बघा, आठ-आठ पिक्सेलच्या चौकोनात दिसतील. अशा चित्राला पीएनजी हा फाइल-प्रकार वापरा. ते १९९६ पासून आहे आणि काहीच टाकत नाही, तरी सपाट रंग असल्यानं फाइल बऱ्याचदा लहानच होते. पण शेताचा फोटो पीएनजीत ठेवला तर फाइल कितीतरी पट मोठी होते, आणि जेपेगचं पीएनजी केलं म्हणून गेलेलं परत येत नाही.

फोटो नुसता उघडून बघितला किंवा कॉपी केला तर तो खराब होत नाही, एडिट करून पुन्हा जेपेगमध्ये सेव्ह केला की होतो, दर वेळी थोडा. म्हणून ओरिजिनलला हात लावू नका. आजी-आजोबांचे, कानबाईच्या उत्सवाचे जुने फोटो स्कॅन करत असाल तर खरंच एकदा टिफमध्ये (हाही एक फाइल-प्रकार, यात सहसा काही टाकून दिलं जात नाही) करून ठेवा, जागा जाऊ द्या, कागदावरचा रंग दर वर्षी उडतोय. नातेवाइकांना वाटायला त्याचीच जेपेग कॉपी काढा.

आयफोन ज्या प्रकारात फोटो ठेवतो ते हेइक (.heic) जेपेगच्या जवळपास अर्ध्या जागेत तेवढाच चांगला फोटो ठेवतं, फक्त स्टुडिओवाल्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते उघडेल याची खात्री नाही, त्याला देताना जेपेग करून द्या.

राहिला ऑनलाइन फॉर्मचा "५० केबीच्या आत फोटो". लोक क्वालिटी खेचत २०-३० वर आणतात आणि चेहऱ्याचे चौकोन होतात. आधी पिक्सेल कमी करा. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरच्या फोटोला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) छापायलाही ४१३ बाय ५३१ पिक्सेल पुरतात, तेवढं केल्यावर क्वालिटी ८० च्या आसपास ठेवूनही फाइल सहसा ५० केबीत बसते.