महामार्गाच्या कामावरील मजुरांना वाहनांमुळे होणाऱ्या दुखापती

रुंदीकरण, डांबरीकरण, पूल किंवा दुभाजकाचे काम चालू असताना कामगाराला वाहनाची धडक बसणे किंवा तो वाहनाखाली सापडणे, यातून होणाऱ्या इजा. धोका दोन्हीकडून असतो: शेजारून धावणाऱ्या रहदारीचा आणि कामावरच्याच गाड्यांचा. बोलले जाते ते बहुधा पहिल्याबद्दलच.

ताशी ८० किमी वेगाची मोटार सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. २२ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर काउंटीत एक मोटार काँक्रीटच्या कठड्यांमधल्या फटीतून कामाच्या जागेत घुसली आणि सहा कामगार ठार झाले.

आतला धोका तितकाच जीवघेणा. खडी पसरणारा मजूर खाली वाकलेला असतो, जवळच रोलर धडधडत असतो. मागे येणाऱ्या टिपरचा भोंगा त्या आवाजात बुडतो आणि टिपरच्या थेट मागचा माणूस चालकाला आरशात दिसत नाही. मागे उभा राहून इशारा देणारा माणूस हवाच. खर्च वाचवताना आधी त्यालाच वगळणे अक्षम्य आहे. काम थांबले म्हणून धोका टळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये जालना जिल्ह्यात पुलाच्या कामावरील मजूर झोपलेल्या शेडवरच टिपरमधली वाळू ओतली गेली. पाच जण दगावले. ऑगस्ट २०२१ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गाच्या कामासाठी लोखंडी सळ्या आणि मजूर एकत्र नेणारा टिपर उलटून तेरा जणांचा जीव गेला.

समोरून धडकलेल्या मोटारीचा बंपर नडगी मोडतो, मग डोके काचेवर आदळते. चाकाखाली आलेल्याचे कटिभागाचे हाड व पोट चेंगरते. आतला रक्तस्राव वरून दिसत नाही, म्हणून बोलत असलेला जखमीही तातडीने रुग्णालयात न्यावा लागतो.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची एसपी ५५ ही कामाच्या जागेतील रहदारीची मार्गदर्शिका पूर्वसूचना, रहदारी वळवणे, प्रत्यक्ष काम आणि शेवट असे टप्पे आखून देते. अनेक ठिकाणी मात्र चुना फासलेले दगड, वाळूचे पिंप आणि काठीला बांधलेला लाल फडका एवढाच बंदोबस्त दिसतो. चमकणाऱ्या पट्ट्यांचे जॅकेट धूळ-डांबराने माखले की अंधारात त्याचा उपयोग उरत नाही. गाडी अडवतो तो भक्कम कठडाच.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९८अ नुसार सुरक्षेचे निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. धडक देऊन वाहन पळाले, तर १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाई मिळते.