किंगाइतच्या तीन पिढ्या : इन्युइट कलेमागचा इतिहास

कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेत, बॅफिन बेटाच्या दक्षिण किनाऱ्यालगत किंगाइत नावाचं चौदाशेच्या आसपास वस्तीचं गाव आहे. २०२० पर्यंत नकाशावर त्याचं नाव केप डॉर्सेट होतं. पित्सेओलाक अशूना ही इथली. नवरा गेल्यावर पदरातल्या मुलांसाठी ती कपडे शिवून विकू लागली, आणि पन्नाशीच्या आसपास तिने चित्रं काढायला घेतली. पुढे हजारो काढली. मुलगी नापाची चित्रकार झाली, मुलगा किउगाक दगड कोरू लागला. नापाचीची मुलगी ॲनी पूटूगूक हिला २००६ साली कॅनडातला कलेसाठीचा मानाचा सोबी पुरस्कार मिळाला, तर किउगाकच्या मुलीची, शुविनाईची, २०२२ च्या व्हेनिस बिएनाले या इटलीतल्या जागतिक कलाप्रदर्शनात खास दखल घेतली गेली. इन्युइट, म्हणजे या बर्फाळ मुलखातले मूळ रहिवासी; त्यांची कला पुढच्या पिढीकडे कशी जाते, हे समजून घ्यायला या एका घरापासून सुरुवात करावी.

वॉलरसच्या सुळ्यांवर आणि हाडांवर कोरीव काम या मुलखात हजारो वर्षांपासून होत आलं. पण आज आपण संग्रहालयांत पाहतो ती दगडी शिल्पं आणि छापचित्रं बरीचशी पोटाच्या प्रश्नातून वाढली. दुसऱ्या महायुद्धानंतर पांढऱ्या कोल्ह्याच्या कातड्याचा भाव कोसळला आणि शिकारी कुटुंबांच्या हातातला पैसाच आटला. १९४८ मध्ये जेम्स ह्यूस्टन हा तरुण चित्रकार हडसन उपसागराच्या काठावरच्या इनुकजुआक गावी गेला आणि तिथली छोटी शिल्पं घेऊन परतला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मॉन्ट्रियलला अशा शिल्पांची विक्री मांडली, तर तीन दिवसांत सगळा माल संपला.

किंगाइतमध्ये छापचित्रं १९५७ च्या सुमारास सुरू झाली. ह्यूस्टन जपानला जाऊन उनिची हिरात्सुका या ठसाकाराकडे लाकडी ठशांचं तंत्र शिकून आला. किंगाइतच्या कारागिरांनी ते लाकडाऐवजी दगडावर बसवलं. चित्र सपाट घासलेल्या दगडावर उतरवायचं, भोवतीचा भाग खोदून काढायचा, उरलेल्या उंचवट्यावर शाई लावायची, वर पातळ जपानी कागद अंथरून हाताने हलके हलके घासायचा. बहुधा पन्नास प्रती निघाल्या की दगडावरचं चित्र घासून टाकतात. चित्र एकाचं, खोदणारा दुसरा, छापणारा आणखी तिसरा. शिकाऊ पोराला उभं राहून पाहता येईल असं हे काम आहे, आणि माझ्या मते किंगाइतची कला टिकण्याचं मोठं कारण हेच. १९५९ मध्ये गावाची सहकारी संस्था रीतसर नोंदली गेली. केनोजुआक अशेवाक हिचं घुबडाचं १९६० मधलं चित्र पुढे कॅनडाच्या टपाल तिकिटावर झळकलं.

हे घडत असतानाच दुसरीकडे हातातून हातात जाणारी विद्या तुटत होती. कुटुंबं शिकारीच्या छावण्या सोडून कायमच्या वसाहतींत आली आणि मुलं निवासी शाळांत गेली. तिथे आईची भाषा बोलायची चोरी, मग आईकडून शिकायचं कुठून? सरकारने प्रत्येकाला क्रमांकाची चकती दिली होती. जुन्या शिल्पांच्या तळाशी सहीच्या जागी किंवा सहीशेजारी तोच क्रमांक कोरलेला दिसतो. शिल्पाला दाद मिळाली, पण माणसाला क्रमांकाने ओळखलं, हे मन अस्वस्थ करतं.

सगळ्यात कमी बोललं जातं ते बायकांच्या शिवणाबद्दल. सीलच्या कातड्याचे बूट शिवताना सुई एका कातड्याच्या अर्ध्याच जाडीतून जाते, आरपार नाही, म्हणजे पाणी शिरायला भोकच राहत नाही. दोरा जनावराच्या स्नायूतंतूचा. भिजला की फुगतो आणि टाका आणखी आवळतो. टाका चुकला तर शिकाऱ्याचा पाय गोठायचा. ही विद्या पाहून, हात धरूनच येते. १९८३ मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली. इन्युइट शिकारी ती पिल्लं मारत नव्हते, तरी सगळ्याच सीलकातड्याची बाजारपेठ बसली आणि शिवणाऱ्या घरांची मिळकत गेली. बाळाला पाठीवर घेऊन फिरायचा अमाउती हा अंगरखा मात्र आजही आया शिवतात, वापरतात.

नक्कल ओळखता यावी म्हणून सरकारने १९५८ मध्ये इग्लूच्या चित्राची खूणचिठ्ठी सुरू केली. ती देण्याचा अधिकार इन्युइट आर्ट फाउंडेशनकडे आला २०१७ मध्ये, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनी. १९९९ मध्ये किंगाइतसह हा मुलूख कॅनडातलाच नुनावुत नावाचा वेगळा प्रदेश झाला. त्याची राजधानी इकालुइत; तिथल्या महाविद्यालयात दागिने आणि धातुकाम शिकवलं जातं. किंगाइतला २०१८ मध्ये केनोजुआकच्या नावाने नवं केंद्र उघडलं. छापखाना त्यातच आहे.

विषयही बदलले. आजी पित्सेओलाकने छावणीचे दिवस रेखाटले. ॲनीने टीव्ही, स्वयंपाकघर, घरातली मारहाणही काढली. २०१६ मध्ये ती ओटावात वारली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. शुविनाई अजून किंगाइतमध्येच चित्रं काढते.