घर विकायचंय, पण दाखवायचं कुणाला?

(कोथरूड, कर्वेनगर, वारजे परिसरात आमच्यामार्फत घर विकणाऱ्या मालकांसाठी)

जाहिरात लागली की पहिल्याच शनिवारी फोन सुरू होतात. बऱ्याच जणांचं एकच म्हणणं असतं, "लोकेशन पाठवा, आत्ता जवळच आहोत, पाहून जातो." आम्ही लोकेशन पाठवत नाही. इमारतीचं नाव आणि फ्लॅट नंबर पहिल्या फोनवर कुणालाच मिळत नाही. आधी त्या माणसाशी पाच-दहा मिनिटं बोलतो, मग तुम्हाला विचारतो, तुमचा होकार आला की वेळ ठरवतो. यावर काही मालक नाराज होतात. "अहो, येऊ देत की, बघायला काय पैसे पडतात?" असं विचारतात. म्हणून हे पत्रक.

बघायला पैसे पडत नाहीत, पण किंमत पडते. महिनाभर रोज कुणी ना कुणी येऊन गेलं की वॉचमनपासून समोरच्या बिल्डिंगपर्यंत सगळ्यांना कळतं की इतके लोक आले आणि कुणी घेतलं नाही. मग पुढचा येणारा बसायच्या आधीच विचारतो, "फार दिवस झाले ना टाकून?" आणि पाच लाख कमी सांगतो. शिवाय दर वेळी घर आवरायचं, मुलांचा अभ्यास उठवायचा, आजारी माणसाला दुसऱ्या खोलीत हलवायचं. हे कामाच्या माणसासाठी करावं. रविवारची दुपार घालवायला निघालेल्यांसाठी नाही.

फोनवर आम्ही काय विचारतो

पहिला प्रश्न बजेटचा नसतो. घर कोण घेणार आणि 'हो' कोण म्हणणार, हे आधी विचारतो. फोन करतो मुलगा, पैसे असतात वडिलांचे, निर्णय असतो सुनेचा आणि शेवटी वास्तुवाले गुरुजी येऊन दक्षिणमुखी दार पाहून मान हलवतात. असं झालं की चार चकरांनंतर सगळं मुसळ केरात. म्हणून दाराची दिशा, मजला, लिफ्ट, पार्किंग झाकलेलं की उघडं, हे आम्ही फोनवरच सांगून टाकतो. ज्याला दिशा चालणार नाही तो तिथेच थांबतो. पहिल्या भेटीला निर्णय घेणारी दोन माणसं तरी हवीत, असा आमचा आग्रह असतो. मावशी, आत्या, मित्रमंडळी दुसऱ्या भेटीला खुशाल येऊ देत.

दुसरा प्रश्न, कधीपर्यंत घ्यायचंय? "चांगलं मिळालं तर बघू" म्हणणाऱ्यालाही आम्ही अजिबात दाखवत नाही असं नाही, पण तो रांगेत मागे जातो. भाड्याचा करार जूनमध्ये संपतोय, शाळा बदलायची आहे, अशी कारणं असलेला माणूस पुढे येतो. ज्याने आपलं आधीचं घर नुकतंच विकलंय तो बहुधा सगळ्यात पुढे. त्या विक्रीच्या भांडवली नफ्यावरचा कर वाचवायचा तर तयार घर दोन वर्षांच्या आत घ्यावं लागतं, त्यामुळे त्याच्या डोक्यावर तारीख असते आणि पैसा खात्यात असतो. याउलट "आमचा फ्लॅट विकला की तुमचा घेऊ" असं असेल तर त्यांचा फ्लॅट कुठवर आलाय, हे आम्ही खोदून विचारतो. विसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) झाला असेल तर ठीक. जाहिरातच लागायची असेल तर नमस्कार करून नाव लिहून ठेवतो.

पितृपक्षात फोन कमी होतात आणि टोकन तर कुणी देत नाही. पण त्या पंधरवड्यात बघायला येणाऱ्याला हलक्यात घेऊ नका. दसऱ्याला बोलणी पक्की करायची म्हणून घरं आधी पाहून ठेवणारे त्यात असतात.

पैशाचा हिशेब

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण व्यवहार मोडतात ते बहुतेक इथेच. समजा तुमच्या घराची किंमत ९० लाख ठरली. खरेदीदार म्हणतो, "लोन होईल." किती होईल? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. म्हणजे इथे जास्तीत जास्त ७२ लाख. उरले १८ लाख, ते पदरचे. त्यावर मुद्रांक शुल्क. पुणे महापालिका हद्दीत मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. नोंदणी फी ३० हजार. हे पैसे बँक कर्जात धरत नाही. सगळं मिळून साधारण २४ लाख ६० हजार त्या माणसाकडे स्वतःचे हवेत, आणि आमची दलाली, वकील, रंगरंगोटी यात धरलेली नाही.

अजून एक खोच आहे. बँक स्वतःचं मूल्यांकन करते आणि ते ८२ लाख आलं तर ८० टक्के त्याचे धरते, तुमच्या ९० लाखांचे नाही. मग कर्ज ६५ लाख ६० हजारांवर येतं आणि पदरचे लागतात ३१ लाख. "वीस लाख तयार आहेत" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याने हा हिशेब केलेला नसतो. आम्ही तो फोनवरच करून देतो. काही जण तिथेच म्हणतात, "मग आमचं बजेट पंच्याहत्तरच." त्यांना त्या किमतीची दुसरी घरं दाखवतो.

पण बँकेचं मंजुरीपत्र असल्याशिवाय पहिली भेटच नाही, असा नियम आम्ही ठेवलेला नाही. काही एजंट ठेवतात. आम्हाला तो पटत नाही. पहिलं घर घेणारी, दोघं नोकरी करणारी तरुण जोडपी बँकेत जातात ती घर आवडल्यावर, आणि पुढे तीच सगळ्यात सरळ व्यवहार करतात. पहिल्या भेटीला आम्हाला तोंडी हिशेब पुरतो. दुसऱ्या भेटीआधी मात्र मंजुरीपत्र किंवा खात्यात पैसे असल्याचा पुरावा आम्ही पाहतो आणि तो किती तारखेपर्यंतचा आहे तेही पाहतो.

तुमच्या इमारतीकडे बघून

कुणाला घर दाखवायचं हे पुष्कळदा तुमच्या कागदांवर ठरतं. पुण्यात सोसायट्यांबरोबर 'अपार्टमेंट'ही पुष्कळ आहेत. तिथे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅटच्या मालकीचा नोंदवलेला दस्त) असतं, आणि जुन्या इमारतींत ते करायचं राहून गेलेलं असतं. भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नसेल किंवा मधल्या एखाद्या खरेदीखताची मूळ प्रत सापडत नसेल तर कर्जावर अवलंबून असलेला खरेदीदार कितीही चांगला असला तरी बँकेच्या वकिलापाशी अडकतो. रीडेव्हलपमेंटचा करार झालेला असेल तर बहुतेक बँका जुन्या फ्लॅटवर कर्ज द्यायला कचरतात. अशा घरांना आम्ही मुख्यतः स्वतःच्या पैशाने घेणारेच आणतो. त्यांची संख्या कमी, म्हणून फोनही कमी. त्याने नाउमेद होऊ नका.

मालक परदेशात राहत असतील तर तेही येणाऱ्याला आधीच सांगतो. एरवी ५० लाख आणि त्यावरच्या घराला खरेदीदार एक टक्का टीडीएस, म्हणजे किमतीतूनच मालकाचा आयकर, कापतो. अनिवासी मालकाच्या बाबतीत तो बराच जास्त दराने कापावा लागतो आणि ऐनवेळी कळलं की खरेदीदार बिचकतो.

हे आम्ही विचारणार नाही

"फक्त शाकाहारी हवेत", "आपल्यातलेच बघा", "एकटी बाई नको", "त्या लोकांना दाखवू नका." अशा सूचना आम्हाला मिळतात, कधी स्पष्ट, कधी सूचक. गाळणी लावायची ती पैशाची, वेळेची आणि निर्णयाची. जात, धर्म, खाणंपिणं, लग्न झालंय का, हे आम्ही कुणाला विचारत नाही आणि तुमच्या वतीनेही विचारणार नाही. आडनाव ऐकून भेट टाळायची असेल तर दुसरा एजंट पाहावा, हे आम्ही काम घेतानाच सांगतो.

"सोसायटीच परवानगी देणार नाही" असं पुष्कळदा कारण दिलं जातं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तो सभासद झाला असं धरलं जातं. फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ते हस्तांतरणाचं प्रीमियमही महापालिका हद्दीत २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. चेअरमन काका जिन्यात काय म्हणाले, यावर व्यवहार ठरवू नका.

रोखीची पार्टी

"व्हाइट किती, कॅश किती?" हा प्रश्न ज्याने पहिल्या फोनवर विचारला त्याला आम्ही घर दाखवत नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही आणि घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर बसतो. दहा लाख रोख घेतले तर दंडही दहा लाख. खरेदीदार नामानिराळा.

दारात कोण येतंय

येणाऱ्याचं नाव, मोबाइल आणि ओळखपत्र आमच्या रजिस्टरमध्ये नोंदलं जातं. आधार दाखवायचं असेल तर शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार पुरतं. पूर्ण नंबर आम्ही मागत नाही. सोबत आमचा माणूस असतोच.

तरीही काही जण वॉचमनकडून पत्ता काढून थेट येतात. दुपारी घरी काकू एकट्या असतात, बेल वाजते, जाळीच्या दाराबाहेर नीटनेटकी दोन माणसं हसून म्हणतात, "काकू, फ्लॅट बघायचा होता, दोनच मिनिटं, एजंटशी बोलणं झालंय." अशा वेळी जाळीच्या दाराची कडी काढायची नाही. "ऑफिसला फोन करा" एवढंच सांगायचं. खरा घेणारा रागावत नाही, उलट त्याला बरं वाटतं. घर दाखवायच्या दिवशी दागिने, औषधं, चेकबुक, जादा किल्ल्या बंद कपाटात ठेवा. व्हिडिओ काढायचा असेल तर तुम्हाला विचारूनच, आणि भिंतीवरचे घरच्यांचे फोटो टाळून. मुलगा न्यू जर्सीत आणि घर बघताहेत आईवडील, असं असेल तर आम्ही त्याला व्हिडिओ कॉलवर घर फिरवून दाखवतो. रेकॉर्डिंग पाठवत नाही, ते कुठल्या कुठे फिरतं.

घरात भाडेकरू असेल तर त्याला आदल्या दिवशी कळवून, त्याच्या सोयीच्या तासातच. करार संपेपर्यंत घर त्याच्या ताब्यात आहे. किल्ली तुमच्याकडे असली तरी परस्पर आत जायचं नाही.

दुसऱ्या एजंटची पार्टी आम्ही घेतो, फक्त पार्टीचं नाव आधी कळवलेलं हवं. दर काढायला येणारे शेजारी मात्र ओळखू येतात: ते खोल्यांकडे कमी बघतात आणि किंमत तीनदा विचारतात.

दुसरी भेट आणि विसार

दुसऱ्या भेटीत खरा घेणारा बाल्कनीत कमी आणि बाथरूममध्ये जास्त वेळ घालवतो. नळ सोडून दाब बघतो, खिडकीखालच्या ओलीवर बोट फिरवतो, मेमध्ये टँकर किती लागतात, पार्किंगचं अलॉटमेंट लेटर आहे का, मेंटेनन्स किती, हे विचारतो. याची उत्तरं खरी द्या. ओल असेल तर आहे म्हणा.

बोलणी जमली की विसार पावती आमच्या ऑफिसात करतो. रक्कम चेकने किंवा ऑनलाइन घेतो; साठेखताची (विक्रीच्या कराराची) तारीख आणि कर्ज नामंजूर झालं तर विसाराचं काय, हे तिच्यात लिहिलेलं असतं. पावतीवर सह्या झाल्या की घर दाखवणं बंद. कुणी दोन लाख वाढवून देतो म्हणाला तरी बंद. बाकीच्यांची नावं मात्र आम्ही साठेखताची नोंदणी होईपर्यंत जपून ठेवतो, कारण बँकेच्या वकिलाचा अहवाल कधी काय वळण घेईल याचा नेम नसतो.

भेटीच्या वेळा: शनिवार-रविवार सकाळी ९ ते १२, इतर दिवशी संध्याकाळी ६ ते ८. यापेक्षा वेगळ्या वेळी कुणी आमचं नाव सांगून आलं तर आधी आम्हाला फोन करा.