सही विद्यापीठाशी, भरवसा प्रशिक्षकावर

अमेरिकेत शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयीन फुटबॉलकडे वळणाऱ्या खेळाडूंपुढे १९६४ पासून जवळजवळ साठ वर्षे एक विशिष्ट पत्र सहीसाठी ठेवले जात असे. ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ हे त्याचे नाव; ठरावीक विद्यापीठातच दाखल होण्याचे ते लेखी वचन. त्या पत्राच्या अलीकडच्या मसुद्यांत एक कलम स्पष्ट शब्दांत छापलेले असे. ही सही विद्यापीठाशी आहे, कोणा व्यक्तीशी नाही, आणि प्रशिक्षक नोकरी सोडून गेला तरी खेळाडू या पत्राने बांधलेला राहील, असा त्याचा आशय होता. असे कलम मुद्दाम लिहावे लागते, याचाच अर्थ सही करणाऱ्याच्या मनात नेमके उलटे असते हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते. सतरा-अठरा वर्षांच्या त्या मुलाने विद्यापीठाचा इतिहास क्वचितच वाचलेला असतो. त्याने पाहिलेला असतो तो प्रशिक्षक, जो दोन वर्षे फोन करत राहिला, घरी येऊन आई-वडिलांसमोर बसला आणि ‘तुमचा मुलगा माझी जबाबदारी’ अशा अर्थाचे काही बोलून गेला.

इथे ज्या फुटबॉलविषयी बोलायचे आहे तो कोल्हापूर-गोव्याच्या मैदानांवरचा पायाने खेळायचा फुटबॉल नाही. लांबट चेंडू हातात घेऊन, हेल्मेट आणि खांद्यांवर जाड कवच चढवून खेळला जाणारा हा अमेरिकी खेळ आहे आणि तिथल्या विद्यापीठांत त्याचे स्थान आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांशी तुलना करण्यासारखे नाही. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये आपल्या मुख्य प्रशिक्षकाला मुदतीआधी काढले, तेव्हा करारानुसार त्याला द्यावी लागणारी रक्कम साडेसात कोटी डॉलरहून अधिक होती. एवढा पैसा आणि एवढी गर्दी जिथे आहे तिथे ‘निष्ठा’ हा शब्द रोज उच्चारला जातो. ती निष्ठा नेमकी कोणावर असते, हा प्रश्न मात्र मानसशास्त्राला आणि समाजशास्त्राला फार वर्षांपासून खुणावत आला आहे.

विद्यापीठावरच्या निष्ठेचा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास फुटबॉलवरूनच झाला, पण तो खेळाडूंचा नव्हता. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या संशोधनासाठी सात विद्यापीठांच्या वर्गांत दर सोमवारी एक साधी मोजदाद केली गेली. किती विद्यार्थी आपल्या विद्यापीठाचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून आले आहेत, एवढेच मोजायचे होते. शनिवारी संघ जिंकलेला असला की सोमवारी असे कपडे अधिक दिसत. पुढच्या टप्प्यात विद्यार्थ्यांना फोन करून सामन्याविषयी विचारले, तेव्हा जिंकलेल्या सामन्याबद्दल ‘आम्ही जिंकलो’ आणि हरलेल्या सामन्याबद्दल ‘ते हरले’ असे बोलण्याकडे कल आढळला. दुसऱ्याच्या यशाच्या उजेडात आपणही थोडे उजळून निघण्याच्या या प्रवृत्तीशी आपलाही परिचय आहे. मुलगी तिकडे शिकायला गेली की तिच्या विद्यापीठाचे नाव छापलेला स्वेटशर्ट पुण्याच्या मे महिन्यात घालून फिरणारे वडील मी स्वतः पाहिले आहेत.

खेळाडूची गोष्ट वेगळी आहे. त्याला ‘ते हरले’ म्हणण्याची सोयच नसते. त्याच्यासाठी विद्यापीठ म्हणजे पहाटेचा व्यायाम, संध्याकाळचा सराव, सामन्यांच्या चित्रफिती पाहत काढलेले तास आणि या सगळ्यात सतत समोर असणारी चार-पाच माणसे. संघटनांच्या मानसशास्त्रात नेमका हाच मुद्दा १९९० च्या दशकात थॉमस बेकर यांच्या संशोधनातून पुढे आला. तोपर्यंत कर्मचाऱ्याची बांधिलकी म्हणजे कंपनीशी असलेली बांधिलकी असे ढोबळपणे धरले जाई. बेकर यांनी दाखवले की संस्था, थेट वरिष्ठ आणि सोबत काम करणारा गट यांच्याशी माणसाची बांधिलकी वेगवेगळी असू शकते आणि ती वेगवेगळी मोजताही येते. १९९६ च्या त्यांच्या अभ्यासात तर रोजच्या कामगिरीशी अधिक जवळचा संबंध आढळला तो वरिष्ठाशी असलेल्या बांधिलकीचा. संस्थेवरची बांधिलकी त्यामानाने मागे पडली. तालीम कोणतीही असो, पैलवान वस्तादाचे नाव आधी का सांगतो, याचे एक उत्तर इथे सापडते.

खुद्द महाविद्यालयीन खेळाकडे पाहायचे तर पॅट्रिशिया आणि पीटर अ‍ॅडलर या समाजशास्त्रज्ञ दांपत्याने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही वाचण्यासारखा आहे. संघ बास्केटबॉलचा होता, पण रचना तीच. एका विद्यापीठाच्या संघात अनेक वर्षे वावरून त्यांनी तीव्र निष्ठेचे पाच घटक मांडले: वर्चस्व, तादात्म्य, बांधिलकी, गटातली एकात्मता आणि उद्दिष्टांचा मेळ. पहिला क्रमांक वर्चस्वाचा आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. खेळाडू कधी उठणार, काय खाणार, कोणत्या सामन्यात किती मिनिटे खेळणार, हे सारे एकाच माणसाच्या हातात असते, आणि अशा वातावरणात त्या माणसाविषयी भीती, आदर आणि जिव्हाळा यांची सरमिसळ होते. तिला संस्थेविषयीचे प्रेम म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर जमा टाकण्यासारखे आहे.

प्रयोगशाळेत हा प्रश्न सोडवता येत नाही, कारण संशोधनासाठी म्हणून कोणी प्रशिक्षक बदलू देणार नाही. पण प्रशिक्षक अचानक निघून जातो तेव्हा असा प्रयोग आपोआप घडतो. विद्यापीठ, मैदान, जर्सी, सहकारी सारे तेच राहते आणि फक्त एक माणूस वजा होतो. जानेवारी २०२४ मध्ये हा प्रयोग साखळीसारखा घडला. अलाबामाचे मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांनी १० जानेवारीला निवृत्ती जाहीर केली. तिथल्या सतरा हंगामांत त्यांनी सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली होती. दोनच दिवसांत अलाबामाने वॉशिंग्टन विद्यापीठाचे केलन डीबोअर यांना आणले, मग वॉशिंग्टनने अ‍ॅरिझोनाचे जेड फिश यांना उचलले, आणि अ‍ॅरिझोनाने सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन यांना. डीबोअर यांचा संघ ८ जानेवारीलाच राष्ट्रीय अंतिम सामना खेळला होता. त्यांच्या खेळाडूंचे सामानही अजून नीट उलगडले नसेल.

त्या वेळच्या नियमानुसार मुख्य प्रशिक्षक गेला की खेळाडूंना दुसरीकडे जाण्यासाठी ३० दिवसांची मुभा मिळत असे. अलाबामातून केलेब डाउन्स हा पहिल्याच वर्षी चमकलेला बचावपटू ओहायो स्टेटला गेला. वॉशिंग्टनचे क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) ऑस्टिन मॅक, रिसीव्हर (तो झेलणारा) जर्मी बर्नार्ड आणि सेंटर (चेंडू खेळात आणणारा) पार्कर ब्रेल्सफर्ड डीबोअर यांच्या मागोमाग अलाबामात दाखल झाले. अ‍ॅरिझोनाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, जोना कोलमन फिश यांच्यामागे वॉशिंग्टनला गेला. इथवर ऐकले की निकाल लागला असे वाटते: निष्ठा माणसावर, विद्यापीठावर नाही.

पण अ‍ॅरिझोनातच दोन खेळाडू थांबले आणि त्यांनी हे सरळ गणित बिघडवले. क्वार्टरबॅक नोआ फिफिटा आणि रिसीव्हर टेटाइरोआ मॅकमिलन हे कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमच्या सर्व्हाइट या एकाच शाळेतले जुने दोस्त. त्याच शाळेतले चार मुलगे एकदम अ‍ॅरिझोनाला आले होते. मॅकमिलनचा आधीचा शब्द खरे तर ओरेगॉन विद्यापीठाला होता. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिथले प्रशिक्षक मायामीला गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याने ओरेगॉन सोडून मित्राच्या बाजूने कौल दिला. म्हणजे एकाच मुलाच्या बाबतीत प्रशिक्षक निघून जाण्याचा प्रसंग दोनदा आला. पहिल्या वेळी त्याने विद्यापीठ बदलले आणि दुसऱ्या वेळी तो जागचा हलला नाही. दोन्ही वेळी जे कायम राहिले ते फिफिटाशी असलेले नाते. या चौघांपैकी जेकब मनू पुढच्या वर्षी फिश यांच्याच वॉशिंग्टनला गेला, ही गोष्टही नोंदवायला हवी, कारण उदाहरणे आपल्या सोयीने थांबवली की विज्ञान संपते.

बेकर यांनी वेगळा काढलेला तिसरा धागा, म्हणजे सोबतचा गट, इथे स्पष्ट दिसतो. ‘विद्यापीठ की प्रशिक्षक’ असा दुहेरी प्रश्न विचारला की हा धागा विद्यापीठाच्या खात्यात जमा होतो. थांबलेल्या खेळाडूला विद्यापीठनिष्ठ म्हणून डोक्यावर घेतले जाते, पण तो थांबलेला असतो शेजारच्या लॉकरवाल्यासाठी. एकत्र सोसलेल्या कष्टांचाही यात वाटा असतो. इलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स यांनी १९५९ च्या प्रयोगात दाखवले होते की एखाद्या गटात शिरण्यासाठी जितकी अवघड परीक्षा द्यावी लागते तितका तो गट माणसाला अधिक मोलाचा वाटू लागतो, मग तो प्रत्यक्षात कितीही कंटाळवाणा का असेना. ऑगस्टच्या उन्हात कवच चढवून केलेला सराव ही अशीच परीक्षा असते आणि ती देताना शेजारी उभे असतात ते सहकारी.

आता ज्या ‘जुन्या काळच्या निष्ठे’बद्दल उसासे टाकले जातात तिच्याकडे वळू. जॉन मायर आणि नॅटली अ‍ॅलन यांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले. माणूस राहतो तो ओढीमुळे, कर्तव्यभावनेमुळे, किंवा सोडून जाणे परवडत नाही म्हणून. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, कारण तिन्हींत माणूस जागेवरच असतो. फुटबॉलमध्ये २०२१ पर्यंत पहिल्यांदा विद्यापीठ बदलणाऱ्यालाही सहसा एक वर्ष मैदानाबाहेर बसावे लागे, आणि २०१८ पर्यंत तर कोणत्या विद्यापीठाला जायचे नाही हेही जुना प्रशिक्षक ठरवू शकत असे. चार-पाच वर्षांच्या खेळाच्या आयुष्यात एक वर्ष गमावणे ही फार मोठी किंमत होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ ही विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही सुरू झाली, एप्रिल २०२१ मध्ये एकदा बदल करणाऱ्याला न थांबता खेळण्याची मुभा मिळाली, जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावता येऊ लागले, एप्रिल २०२४ मध्ये अभ्यासात पात्र असणाऱ्यांसाठी बदलांच्या संख्येची मर्यादाही गेली, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. दरवाजा उघडल्यावर माणसे बाहेर पडली यावरून त्यांचे घरावरचे प्रेम आटले असे सिद्ध होत नाही. आधी दरवाजाला कडी होती, एवढेच नक्की. माझ्या मते जुन्या निष्ठेचा निदान काही भाग हा या कडीचा परिणाम होता, आणि तो किती होता हे आता मागे जाऊन मोजणे अवघड आहे.

प्रशिक्षकावरची निष्ठा आणि विद्यापीठावरची निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी असल्या तरी त्यांच्यात भिंत नाही. रॉबर्ट आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिका आणि पोर्तुगालमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून सांगितले की वरिष्ठाशी चांगले नाते असले म्हणजे संस्थेबद्दल आपुलकी वाढेलच असे नाही. तो वरिष्ठ म्हणजेच संस्था असे कर्मचाऱ्याला जितके वाटते तितके ते प्रेम संस्थेकडे अधिक वाहते. सेबन यांचे नाव आणि अलाबामा हे त्या अर्थाने एकमेकांत मुरलेले होते. म्हणूनच त्यांच्या जाण्यानंतर कॅडिन प्रॉक्टर या अजस्र लाइनमनने (पुढच्या फळीतल्या खेळाडूने) जे केले ते मला त्या वर्षातले सर्वांत बोलके वाटते. जानेवारीत तो अलाबामा सोडून आपल्या जन्मराज्यातल्या आयोवा विद्यापीठात गेला. तिथे एकही सामना न खेळता मार्चमध्ये तो अलाबामाला परतला. सेबन तर आता तिथे नव्हतेच. त्याला कशाने परत आणले याची अनेक कारणे सांगता येतील आणि पैसा त्यांतून वगळता येणार नाही, पण माणूस गेल्यावरही त्याच्या जागी काहीतरी शिल्लक उरते, एवढे या घटनेतून दिसते.

उलट टोकाला कर्ट सिग्नेटी यांचे उदाहरण आहे. २०२३ च्या अखेरीस ते जेम्स मॅडिसन विद्यापीठातून इंडियानाला गेले तेव्हा त्यांचे १३ खेळाडू सोबत गेले. आदल्या हंगामात तीनच सामने जिंकलेल्या इंडियानाने २०२४ मध्ये ११ जिंकले. याला निष्ठा म्हणावे का, याबद्दल मला शंका आहे. या खेळात प्रत्येक प्रशिक्षकाची स्वतःची संकेतभाषा असते आणि नवी भाषा शिकण्यात खेळाडूचे अर्धे वर्ष जाते. ओळखीच्या भाषेत बोलणाऱ्या माणसामागे जाणे हा शहाणपणाचा व्यवहारही असतो. शिवाय प्रशिक्षक ज्याला सोबत नेऊ इच्छितो तोच जाऊ शकतो. मागे राहिलेल्यांपैकी कितींना बोलावणेच आले नाही, हे बाहेरच्या आकड्यांत दिसत नाही.

त्यामुळे संशोधकांच्या दृष्टीने पोर्टलमधल्या तारखा हे एक नवे साधन आहे. खेळाडूने नाव कधी नोंदवले आणि प्रशिक्षक कधी गेला, या दोन दिवसांमधले अंतर आता उपलब्ध आहे, पूर्वी ते कुठेच लिहिलेले नसे. मुख्य प्रशिक्षक गेल्यावर किती गेले याबरोबरच, ज्याच्याबरोबर खेळाडू सर्वाधिक वेळ घालवतो तो मैदानावरच्या त्याच्या जागेची तालीम घेणारा सहायक प्रशिक्षक गेल्यावर किती गेले, आणि जवळचा सहकारी गेल्यावर किती, हेही वेगळे काढून पाहता येईल. ज्या पत्रावर सही विद्यापीठाशी आहे असे छापलेले असे, ते पत्र मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये कायमचे बंद झाले.